सासूबाईंचे दात काढणे

धाकटीला सगळं जमायचं, फक्त कुणाला ‘या’ म्हणायला जमायचं नाही. मातीचा गोळा तिच्या हातात आला की बघता बघता त्याची सुरई व्हायची. रडकं पोर तिच्या शेजारी बसलं की गप्प होऊन कागदाचं जहाज करायला लागायचं. पण ‘रविवारी माझा वर्ग आहे, या ना’ एवढं एक वाक्य शेजारणीला सांगायचं म्हटलं की ते ओठांवरच अडायचं. मग ती हवापाण्याचं बोलून, शेजारणीच्या गुडघ्यांची चौकशी करून तशीच परत यायची.

घराच्या पुढच्या भागात तिच्या सासऱ्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. सासरे गेल्यावर ते बंद पडलं आणि थोरल्या दिरांनी ती जागा एका टायरवाल्याला द्यायचं जवळजवळ पक्कं केलं. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. “एक वर्ष धाकटीला वापरू दे. नाही चाललं तर आण तुझे टायर,” असं त्यांनी थोरल्याला सांगितलं, आणि त्या घरात सासूबाईंनी सांगितलं की वरच्या कोर्टात जायची सोय नव्हती.

धाकटीनं भिंती रंगवल्या, खुर्च्या मांडल्या, बाहेर पाटी लावली आणि शनिवार-रविवारी मातीकामाचे, कागदकामाचे, चित्रांचे वर्ग सुरू केले. आता वर्ष सरत आलं होतं आणि खुर्च्या बहुतेक वेळा एकमेकींकडे बघत बसलेल्या असायच्या. टायरवाला येताजाता जागेची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजून जायचा. जागा गेल्याचं दुःख धाकटीनं एक वेळ गिळलं असतं, पण आपल्यासाठी शब्द टाकणाऱ्या सासूबाई तोंडघशी पडतील, या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

परगावी संगणकाच्या कंपनीत असलेल्या नणंदेनं यावर तोडगा काढला.

“वहिनी, तू फक्त कॅलेंडरमध्ये कार्यक्रम लिहायचा. फोटो शोधणं, मजकूर लिहिणं, सोशल मीडियावर चार ठिकाणी टाकणं, लोकांना उत्तरं देणं, नावं नोंदवून घेणं, सगळं आपोआप होईल. तुला कुणाला काही म्हणायलाच नको.”

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि धाकटी लगेच तयार झाली. नणंदेनं तिकडे बसल्या बसल्या सगळं जोडून दिलं. धाकटीच्या जुन्या जाहिराती यंत्राकडून घोकून घेतल्या आणि शनिवार-रविवारच्या रकान्यात जे लिहिलेलं असेल तो कार्यक्रम समजायचा, असंही त्याला बजावलं. फक्त धाकटीच्या फोनमध्ये एकच कॅलेंडर आहे आणि वर्ग, विजेचं बिल, नवऱ्याच्या फिरतीच्या तारखा असा सगळा संसार त्यातच नांदतो, हे नणंदेनं विचारलं नाही आणि धाकटीनं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात सासूबाईंची अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल इतका सुजला की त्या एका बाजूनं भांडत असल्यासारख्या दिसायला लागल्या. धाकटीनं दातांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून सासूबाईंना मोठा ‘आ’ करायला लावून एक फोटो काढून पाठवला. दाढ आणि तिच्या शेजारचा दात, दोन्ही काढावे लागतील, शनिवारी या, असं डॉक्टरांनी कळवलं. थोरले दीर गाडी घेऊन येणार होते. धाकटीनं विसरायला नको म्हणून कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलं: ‘सासूबाईंचे दात काढणे, शनिवार, संध्याकाळी पाच.’

दात काढणे म्हणजे डॉक्टरांनी काढणे आणि दात काढणे म्हणजे खो खो हसणे, यातला फरक माणसाला कळतो. यंत्रानं ते वाक्य पाहिलं, फोनमधला ताजा फोटो पाहिला, त्यात एक बाई जबडा उघडून पडजीभ दाखवतेय असं त्याला दिसलं, आणि ते आपल्या परीनं कामाला लागलं.

शुक्रवारी दुपारी रविवारच्या मातीकामाला किती जण आहेत हे बघावं म्हणून धाकटीनं फोन उघडला. रविवारला दोन नावं होती. शनिवारसमोर ‘सर्व जागा भरल्या’ असं लिहिलेलं होतं. शनिवारी आपण वर्गच ठेवला नव्हता, मग जागा कशाच्या भरल्या, म्हणून ती जाहिरात उघडून वाचायला लागली.

‘या शनिवारी खास तुमच्यासाठी, सासूबाईंचे दात काढणे! हसतखेळत, सोप्या पद्धतीने. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करून बघण्याची संधी. सर्व साहित्य आम्ही देऊ. येताना जुने कपडे घालून यावे. जाताना आपण काढलेली वस्तू घरी नेता येईल.’

वर सासूबाईंचा फोटो होता, पडजिभेसकट.

खाली लोकांनी प्रश्न विचारले होते आणि यंत्रानं एकालाही निरुत्तर ठेवलं नव्हतं. कुणी ‘मुलांना आणलं तर चालेल का?’ असं विचारलं होतं, त्याला ‘मुलांना फार आवडतं’ असं उत्तर होतं. ‘या सासूबाई कोण?’ याला ‘अनुभवी मार्गदर्शक’ असं होतं. एका शंकेखोरानं ‘दुखणार नाही ना?’ असं विचारलं होतं. त्याला यंत्रानं सांगितलं होतं, ‘आजवर कुणाची तक्रार नाही.’

धाकटीनं घाईघाईत कॅलेंडर उघडलं. निदान तारीख बदलावी, म्हणून तिनं कॅलेंडरमधली ती ओळ उचलून रविवारी ठेवली. लगेच चारही ठिकाणी झळकलं: ‘लोकाग्रहास्तव आता रविवारीही!’ घाबरून तिनं ती परत शनिवारी आणली. ‘लोकाग्रहास्तव पुन्हा शनिवारी!’ यानंतर तिनं फोन उशीखाली ठेवला आणि वर स्वतः बसली.

नोंदणी केलेल्यांना निरोप द्यावा तर पडद्यावर नुसती नावं दिसत होती, नंबर नणंदेकडे होते. नावं तरी कसली, ‘बँकेतली’, ‘गुडघेवाली’, ‘उंच’, ‘वरच्या मजल्यावरची’, ‘उंचची बहीण’. सोशल मीडियावर माणसं काय काय नावं घेतात याचं धाकटीला नवल वाटलं. नणंद कामात गढलेली होती. तिनं फोनवर घाईघाईत एवढंच सांगितलं, की आता कशालाही हात लावू नकोस, उद्या संध्याकाळी मोकळी झाले की बघते.

शनिवारी साडेचारपासूनच लोक यायला लागले. खुर्च्या भरल्या, स्टुलं भरली, सासऱ्यांचं जुनं लाकडी बाकही भरलं. कुणी खरोखरच जुने कपडे घालून आलं होतं. दातांचे डॉक्टर स्वतः बॅग घेऊन हजर झाले. जाहिरात त्यांनीही वाचली होती. ‘स्वतःच्या हाताने करून बघण्याची संधी’ हे वाचल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तेवढ्यात थोरल्या दिरांची गाडी दारात थांबली. ते किल्ली हातात घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले आणि ही गर्दी आपल्याच घरात आहे का, याची पाटी वाचून खात्री करून घेऊ लागले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. धाकटी आतल्या खोलीत गेली. सासूबाई गालाला रुमाल बांधून, तयार होऊन पलंगावर बसल्या होत्या. धाकटीनं कॅलेंडरपासून पडजिभेपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे हा कार्यक्रम तू ठेवला नव्हतास?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही हो, आई. चुकून झालं. यंत्रानं केलं.”

सासूबाईंनी मान वळवली. खिडकीकडे बघत राहिल्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून धाकटी मान खाली घालून उभी होती.

“मग आता काय करणार आहेस?”

“हात जोडते सगळ्यांना आणि परत पाठवते.”

“घरी आलेली माणसं परत पाठवायची नसतात. जरा हात दे.” आणि रुमाल सोडून, केस सारखे करून सासूबाई बाहेर आल्या.

समोर खुर्ची मांडलेली होती. त्या बसल्या. एक गाल सुजलेला, त्यामुळे त्यांचे शब्दही एकाच बाजूनं येत होते.

“ही माझी दाढ पंचेचाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे,” त्यांनी सुरुवात केली. “ह्यांच्याबरोबरचा संसार चाळीस वर्षांचा. शेवटी शेवटी दोघांचाही कामाला उपयोग नव्हता, पण ठणकायचं कुणी सोडलं नाही.”

पहिल्या रांगेतल्या बायका पदर, ओढणी, रुमाल, जे हाताला लागेल ते तोंडाशी धरून हसायला लागल्या. मग सासूबाई थांबल्याच नाहीत. थोरल्याचा पहिला दात पडला तेव्हा तो रडत बापाच्या दुकानात गेला आणि हा परत बसवून द्या म्हणाला. बापानं मशीनचं तेल लावून तो बसवूनही पाहिला. संध्याकाळी दात पुन्हा पडला, तर पोरगं विचारायला आलं की याला गॅरंटी होती का. उंबऱ्यातले थोरले दीर कानापर्यंत लाल झाले आणि मग पोट धरून खाली बसले. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“आणि ही आमची धाकटी,” सासूबाईंनी बोट दाखवलं. “घराला आग लागली तर ही शेजारी जाऊन म्हणेल, सवड असेल तर या, नाहीतर राहू दे.”

सगळी खोली धाकटीकडे वळून हसली, आणि गंमत म्हणजे धाकटीला संकोच वाटला नाही. इतकी माणसं या जागेत तिनं कधी पाहिली नव्हती. शेवटी डॉक्टरांनीच उठून सांगितलं, की आजी, मलाही ऐकायचंय, पण सूज ऐकत नाहीये. तेव्हा कुठे सासूबाई उठल्या.

दवाखान्यात डॉक्टर त्यांना आत घेऊन गेले. थोरले दीर आणि धाकटी बाहेर बाकावर बसले. दिरांचा फोन वाजला. टायरवाला होता.

“नाही, ती जागा रिकामी नाही,” दीर म्हणाले. मग थोडं ऐकून घेऊन म्हणाले, “नाही, पुढेही होणार नाही.” फोन खिशात ठेवून ते समोरच्या भिंतीवरचं दात घासण्याच्या पद्धतीचं चित्र अगदी मन लावून वाचायला लागले. धाकटीला आभार मानायचे होते, पण त्यांना ते ऐकायचे नव्हते हेही तिला दिसत होतं.

मग नणंदेचा फोन आला. ती मोकळी झाली होती आणि नोंदणीचा तपशील उघडून बसली होती.

“वहिनी, जाहिरात खूप जणांनी बघितली गं. पण त्यावरून नावं आली फक्त तीन. त्यातले एक तुमचे डॉक्टर.”

“अगं, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मग बाकीचे कुठून आले?”

“तेच तर सांगतेय. बाकीची सगळी नावं एकाच फोनवरून भरलीत. आईच्या.”

धाकटीला पडद्यावरची नावं आठवली. बँकेतली, गुडघेवाली, उंच, उंचची बहीण. सासूबाईंच्या फोनमध्ये मैत्रिणी अशाच नावांनी ठेवलेल्या असतात हे तिला ठाऊक होतं, तिनंच तर कितीदा त्यांना त्या नावांनी फोन लावून दिले होते. म्हणजे सासूबाईंनी ती जाहिरात आधीच पाहिली होती. ठणकणारी दाढ धरून, एकेकीला फोन करून त्यांनी सगळ्यांना बोलावलं होतं. आणि आतल्या खोलीत त्या खिडकीकडे का बघत राहिल्या होत्या, तेही धाकटीला आता कळलं. सुनेनं आपल्याला पुढे बसवून हसण्याचा कार्यक्रम ठेवलाय असं त्या बाईला चार दिवस वाटत होतं.

दार उघडलं. सासूबाई गालात कापूस धरून बाहेर आल्या. बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

“आई, सगळ्यांना तुम्ही बोलावलंत?”

सासूबाईंनी मान डोलावली.

“मीच कार्यक्रम ठेवलाय असं वाटलं तुम्हाला?”

ताकीद मोडून सासूबाई कापसाआडून काहीतरी पुटपुटल्या. धाकटीला ते दुसऱ्यांदा ऐकल्यावर समजलं. वाटलं, तुला मला विचारायला संकोच होत असेल, असं त्या म्हणत होत्या.

धाकटीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही, आई,” ती म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या ओठांवर अडलं नाही. “आणि आता मी विचारते. यंत्र नाही, मी. पुढच्या शनिवारी बसाल तुम्ही? असंच, लोकांसमोर?”

सासूबाईंनी पिशवीतून फोन काढला, एक नंबर लावला आणि वाजणारा फोन सरळ धाकटीच्या कानाला लावून दिला. स्वतःच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं आणि मग धाकटीच्या तोंडाकडे.

पलीकडून कुणीतरी ‘हॅलो’ म्हणालं.

“मावशी, मी धाकटी बोलतेय. पुढच्या शनिवारी पाच वाजता आमच्याकडे या. सवड असो नसो, याच.”

मग गुडघेवाल्या मावशींनी काळजीच्या सुरात विचारलं, “येते गं. पण आता कुठला दात?”