मागून विझत येणारे दिवे

केंद्रातले दिवे माणसांच्या मागे आपोआप विझू लागले, तेव्हा पहिले काही दिवस संचालकांची छाती अभिमानाने फुगली. का फुगू नये? विद्यापीठाचं स्मार्ट ऊर्जा संशोधन केंद्र त्यांनी काढलं होतं ते याचसाठी. माणूस गेला की दिवा गेला पाहिजे. कुणी सांगायला नको, बटण दाबायला नको, इमारतीने आपलं आपण शिकायचं. यंत्रणा बसवली आणि ती शिकलीही. आता फक्त विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. तिला पटलं तर केंद्र चालू राहणार, नाहीतर दाराला कुलूप, आणि इथली सगळी पोरंपोरी नव्या नोकऱ्या शोधायला मोकळी.

पण इमारत जरा जास्तच शिकली होती.

"सर, चहाची किटली दुसऱ्यांदा तापतच नाही," उपसंचालक एक दिवस येऊन म्हणाले. भुताखेतांचा विषय निघाला की पोट धरधरून हसणारा हा गृहस्थ, आज दाराला पाठ लावून उभा होता. "एकदा चहा झाला की झाला. आणि उन्हातून आलं की पंखा लागत नाही. अंगावरचा घाम पार वाळला, की मग लागतो!"

"काहीतरी बिघाड असेल हो."

"असेल ना. माझं कुठे काय म्हणणं आहे? पण त्या लांब कॉरिडॉरमधून मी आता एकटा जाणार नाही. तुम्हीच एकदा जाऊन बघा."

संचालक गेले. संध्याकाळ झाली होती, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. ते टोकाला पोचले आणि वळून उभे राहिले. पलीकडच्या टोकाचा दिवा विझला. बऱ्याच वेळाने दुसरा विझला. मग तिसरा. आणि मग काहीच होईना. भिंतीला हात टेकून कुणीतरी दम खात असावं, तसं सगळं थांबलं. मग चौथा दिवा विझला. संचालकांच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण असं चालणारं माणूस त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

त्यांना वाढवलं होतं ते आत्याने. गुडघे गेले तरी सगळ्यांच्या मागे एकेक दिवा बंद करत ती घरभर फिरायची. तीन बटणं झाली की गुडघा धरून थांबायची, यंत्रं बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायची, आणि पुढे निघायची. उन्हातून आलं की, "आधी घाम वाळू दे, मग पंखा." दुसरा चहा मागितला की, "पोट आहे का पिंप?" तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

संचालकांनी इंजिनियर मुलीला बोलावलं. यंत्रणेला शिकवायचं काम तिचं.

"काय गं, हिला सुरुवातीला कुठलं घर दाखवून शिकवलं होतं?"

"तुमचंच की, सर! दुसरं कुणी घरात मीटर लावू देईना. आमच्याकडे लावा, असं तुम्हीच म्हणालात."

खरंच की! मीटरची ती डबी भिंतीवर चढली तेव्हा आत्याने केवढं तोंड वाजवलं होतं. "माझ्यावर पाळत ठेवतोस होय रे?" म्हणाली होती. सगळे बाहेर पडले की दिवसभर घरात ती एकटीच. म्हणजे यंत्रणा जे काही शिकली, ते तिच्याच हाताखाली.

"बाप रे, सर! म्हणजे इथे तुमच्या आत्या फिरतायत?"

"फिरत नाहीत गं. शिकवून गेल्यात."

"पण समितीला हे कसं सांगायचं? हसतील, नाहीतर पळतील." तिने जरा चाचरत विचारलं, "पुसू का? घरचं सगळं जाईल. मग ही इथलं इथेच शिकेल."

संचालकांनी केबिनच्या भिंतीकडे पाहिलं. तिथल्या फोटोत आत्या हसत होती, आणि जिवंतपणी ती कधी फारशी हसली नव्हती. दिवे विझवत येणारी हीच खरी आत्या होती. पण तिच्यापायी एवढ्या लोकांच्या पोटावर पाय कसा द्यायचा?

"पूस," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. डोळे भरून आले होते, आणि ते त्या पोरीला दिसायला नको होते.

समिती आली. अध्यक्षबाई कडक. कागद बाजूला सारून म्हणाल्या, "चला, चालून दाखवा." सगळी मंडळी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पहिला दिवा विझला. दुसरा विझला. तिसरा विझला.

आणि मग काहीच होईना.

इंजिनियर मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. उपसंचालक हळूच अध्यक्षबाईंच्या मागे सरकले. संचालकांना मात्र राहवलं नाही. भर समितीसमोर, त्या अर्ध्या काळोखाकडे बघत ते ओरडले, "आत्या, अगं पाहुणे आलेत! आत्ता नको!"

चौथा दिवा विझला.

"आत्या कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

मुलगी लॅपटॉपवर भराभर बोटं चालवत होती. "सर, घरचं खरंच काही उरलेलं नाही. हे सगळं या इमारतीच्या मीटरने नोंदलेलं आहे, यंत्रणा बसवायच्या आधीपासूनचं. सगळे गेले की मागून एकेक बटण हाताने बंद करत येणारं इथे एकच माणूस आहे."

"कोण?"

"तुम्ही, सर."

"मी? काहीतरीच काय!"

"आणि तीन झाले की तुम्ही थांबता. रोज."

संचालकांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता.

अध्यक्षबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. "यंत्र माणसाकडून शिकतं, असंच तुम्ही अर्जात लिहिलंय ना? मग शिकलंय की. चालू ठेवा केंद्र." त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली आणि कॉरिडॉरमधून परत न जाता मागच्या दाराने बाहेर पडल्या. समितीही त्यांच्यामागे लगबगीने निघाली.

घरी बायको दिवाणखान्यात वाचत बसली होती. संचालकांनी तिला केंद्र वाचल्याची बातमी सांगितली. तिने तोंडभरून कौतुक केलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. संचालक हातपाय धुवायला उठले, दारापर्यंत गेले, आणि खोलीत काळोख झाला.

"अहो! मी बसलेय ना इथे!"

"बसलीस तर जरा आवाज करावा माणसाने. मला मेलीला काय कळणार?"

शब्द संचालकांच्या तोंडून निघाले होते, पण दोघंही दचकली. मग बायको अगदी जपून, पदर सावरल्यासारख्या आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, लावा ना दिवा. एवढं पान संपवते."

"एवढंच हं," असं म्हणत संचालकांनी दिवा लावला.