शिंप्याची कैफियत

दिवाणी दावा कसा चालतो, हे मला विचारा! वकिलाशिवाय स्वतःचा दावा चालवणारा आमच्या गल्लीत मी एकटा. दावा, समन्स, कैफियत, मुद्दे, साक्षी, युक्तिवाद, निकाल... झोपेतून उठवलंत तरी क्रम चुकणार नाही!

दावा शेजारच्या शिंप्यावर. त्याने दुकानावर पत्र्याची शेड चढवली आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पार झाकून गेली. बायको भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते. मी तिला शब्द दिला, "दोन महिन्यांत पत्रा खाली!"

समन्स वेळेत बजावलं गेलं. पण पुढे गाडी अडली. प्रत्येक तारखेला शिंपी हात जोडून उभा! "साहेब, कैफियत लिहून द्यायला कुणी नाही. मुदत द्या." आणि साहेब देत! अशा चार तारखा गेल्या. घरी बायको आधी दिव्याकडे बघायची, मग माझ्याकडे.

शेवटी कोर्टाच्या व्हरांड्यात मीच शिंप्याला बाकावर बसवलं. "अहो, कैफियत म्हणजे तुमची बाजू! तुम्ही सांगा, मी लिहितो."

"तुमच्याविरुद्ध? तुम्हीच?"

"त्याशिवाय दावा पुढे सरकेल का? बोला. शेड कधी चढवली?"

"तीन वर्षांपूर्वी."

"छान! म्हणजे वादी तीन वर्षं गप्प होता. त्या वेळी हजर कोण होतं?"

"तुम्हीच की! शिडी धरली होतीत."

"वा! मी काही बोललो होतो?"

तो चाचरला. "'अजून फूटभर वर घ्या, हवा खेळती राहील,' असं म्हणालात."

काय सांगू, मला भरून आलं! इतका भक्कम मुद्दा रोज हाती लागत नाही. मी तो दोनदा अधोरेखित केला.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी कैफियत वाचली. "फार मुद्देसूद आहे. कुणी लिहिली?"

"मी, साहेब!" मी छाती काढून म्हणालो.

"आणि हे सगळं खरं आहे?"

"अक्षर न् अक्षर!"

मुद्दे, साक्षी, युक्तिवाद, सगळं ओलांडून एकदम निकालच आला. दावा फेटाळला!

घरी दिवा जळतच होता. "पत्रा?" बायकोने विचारलं.

"अपील करतो!" मी गरजलो.

तेवढ्यात दारातून शिंप्याचा आवाज आला. "भाऊ, अपिलातही माझी बाजू तुम्हीच लिहाल ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बोलून गेलो, "कधीपर्यंत हवीय?"

बायकोने सुरी खाली ठेवली आणि दिवाच बंद केला. भर दुपारी मिट्ट काळोख! आता तुम्हीच सांगा, अशा अंधारात माणसाने मसुदा लिहायचा तरी कसा?