सगुणाबाईंचे जवसाचे लाडू

आमच्या ओळीतल्या कोणत्या बाईला कधी कावळा शिवतो, हे तिच्या नवऱ्याआधी सगुणाबाईंना ठाऊक असे. गडचिरोलीला जंगल खात्याच्या कारकुनांची सहा घरं, सगळ्यांच्या पडव्या एकाच अंगणात उघडणाऱ्या. अडचणीतली बाई तीन दिवस पडवीत पोत्यावर बसणारच, मग लपणार काय, कपाळ! अंगणाच्या टोकाला सगुणाबाईंचं घर. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सकाळी दात घासत त्या एकेक पडवी बघत जात. चाळिशी ओलांडलेली एखादी दोन-तीन महिने पोत्यावर दिसली नाही, की सगुणाबाईंच्या चुलीवर जवस भाजायला लागलंच.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, वय शेहेचाळीस. एका सकाळी हे पडवीत दाढी करत होते आणि सगुणाबाई समोर येऊन उभ्या.

"मास्तरीणबाई, तीन महिने झाले, तुमी बसल्या नाई. अंगातून वाफा निघून राह्यल्या का?"

ह्यांनी वस्तऱ्याने हनुवटी कापून घेतली.

वाफा निघत होत्या, खोटं कशाला बोलू? ऐन पुसाच्या थंडीत मी वर्गात हजेरीपटाने वारा घेत होते. पण हे चारचौघांत विचारायचं का?

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. सकाळी जवस-गुळाचे लाडू, संध्याकाळी जंगलातून खणून आणलेली शतावरी दुधात उकळून. वर तीळ, वर शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीही आठवड्यातून चारदा. चहा बंद करा म्हणाल्या, ठीक. तिखट बंद करा म्हणाल्या! आमच्या भागात मिरचीशिवाय माणूस जेवतो का? मी कुरकुरले की ठरलेलं वाक्य यायचं, "खाऊन पाहा, मंग सांगजा." एकदा तर शाळेच्या खिडकीतून ओरडून त्यांनी विचारलं, दूध पेल्या का म्हणून. सहावीच्या पोरी तासभर हसत होत्या.

लाडू मी मुकाट्याने गवळ्याच्या गायीला घालू लागले. ते बांधून येत जुन्या, पिवळ्या पडलेल्या टोपड्यात, बंदांची गाठ मारून. कोणाच्या तरी पोराचं टाकलेलं असेल, असं मी धरून चालले. कापड मऊ होतं, म्हणून अशी पाच टोपडी मी शाळेत फळा पुसायला नेली.

शेवटी वैतागून मी एक युक्ती काढली. पाळी आलीच नव्हती, तरी सरळ पोत्यावर जाऊन बसले. ह्यांना भात करावा लागला, तो करपला, पण म्हटलं, हरकत नाही, जवस तरी टळेल. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आल्या, अंगणातली दोरी बघितली, आणि सरळ माझ्या पोत्यावर मला खेटून बसल्या. अडचणीतल्या बाईला कोणी असं शिवत नाही.

"दोरीवर एक फडकं वाळून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "खोटं काऊन बसल्या?"

चोरी पकडली गेली, म्हणून मी जास्तच भडकले. म्हटलं, तुम्हाला या उठाठेवी सांगितल्या कोणी? बायकांच्या पाळ्या मोजायचं दुसरं काम नाही का तुम्हाला?

त्या रागावल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मले कोणी सांगतलं नाई, बाई. मी त्रेचाळीसची होती. बसणं बंद झालं, मले वाटलं, देव पावला. सासूनं पाच महिने मले घडा उचलू देला नाई. मी टोपडे शिवले, सात. मंग दाई आली. तिनं पोट चाचपलं, अन् हासली." बोटावरचा पदर सोडत म्हणाल्या, "एखादीनं आधी सांगतलं असतं, तं एवढी आस लागली नसती. म्हणून मी सांगत फिरतो."

त्यांच्या मांडीवर सहावं टोपडं होतं, लाडवांची गाठ मारलेलं. लाज वाटली, इतकी की त्यापेक्षा ती वाफ बरी.

मी तशीच उठले. दप्तराच्या पिशवीतून खडूने माखलेली पाचही टोपडी काढली, अंगणात सर्वांदेखत साबणाने धुतली आणि दोरीवर ओळीने वाळत घातली. सगुणाबाई बघत होत्या. डाग कसले, ते त्यांनी विचारलं नाही.

मग मी त्यांच्याजवळ बसून एक लाडू मागितला.

"खाऊन पाहा," त्या म्हणाल्या, "मंग सांगजा."

इतक्या दिवसांत मी एकदाही सांगायला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्यांच्या दारात गेले. वाफा काही थांबल्या नव्हत्या. झोप बरी लागली, एवढं सांगितलं, आणि गूळ थोडा कमी घाला म्हटलं. सगुणाबाईंनी मला आत बोलावलं आणि बसायला पाट दिला.