चार वाजताची पातळी

सासूबाईंना झोप लागत नव्हती. कारण विचारलं की म्हणायच्या, "इथे फार शांत आहे." खाली रस्त्यावर ट्रक, वरच्या मजल्यावर शिवणयंत्र, शेजारी दात येत असलेलं तान्हं मूल, आणि यांना शांत वाटत होतं. त्यांचं सगळं आयुष्य नदीकाठच्या दोन खोल्यांत गेलं होतं. सासरे नदीची पातळी मोजण्याच्या नोकरीत होते. रोज दुपारी चार वाजता ते पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा बघायचे, घराकडे तोंड करून खाकरायचे, दोनदा आखूड आणि एकदा लांब, आणि मग आकडा ओरडून सांगायचे. सासूबाईंनी दारातून तो परत म्हणायचा आणि फोनवरून कचेरीला कळवायचा. परत म्हणताना चूक झाली तर सासरे बोलायचे नाहीत, नुसते पुन्हा खाकरायचे. चाळीस वर्षांचा संसार बराचसा या खाकरण्यावर झाला होता.

सासरे वारल्यावर सहा महिन्यांनी सासूबाई काठावर पाय घसरून पडल्या आणि कुणी बघेपर्यंत दोन तास तशाच पडून राहिल्या. मग मात्र लेकीने काही ऐकलं नाही. सासूबाई लेकीकडे आल्या त्या अट घालूनच. "महिनाभर बघते. नाही रमले तर परत जाईन. मग कुणी अडवायचं नाही." सोबत एक बॅग, सासऱ्यांची वेताची खुर्ची आणि त्यांचा फोटो होता. फोटो भिंतीवर गेला, खुर्ची खिडकीशी गेली, पण बॅग काही रिकामी झाली नाही. रोज त्यातून एक साडी निघायची आणि धुतलेली साडी परत त्यातच जायची. लेकीला ते बघवत नव्हतं. त्या घसरड्या काठावर आई पुन्हा एकटी, या विचाराने ती शाळेत फळ्यावर गणितं चुकवू लागली होती.

जावई आराखडे काढायचा. नळ, टाक्या, सांडपाण्याच्या वाहिन्या. बावीस वर्षांत त्याने कागदावर मैलोन्‌मैल पाइप जोडले होते आणि प्रत्यक्षात एकही नाही. ऑफिसचं काम तो आतल्या खोलीत बसून घरूनच करायचा. एके दिवशी तो एक गुंडाळी घेऊन बाहेर आला आणि त्याने ती टेबलावर पसरली.

"ही नदी," तो म्हणाला.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"हॉलमध्ये. चार फुटी काचेची टाकी. या टोकाला मोटार, त्या टोकाला स्पंज, आणि वाळूखालून दोन्हीला जोडणारा पाइप. मोटार पाणी जोरात पुढे ढकलणार, ते तिकडून वाळूखालून परत येणार. म्हणजे टाकीत पाणी कायम एकाच दिशेने धावत राहणार. आवाज सुद्धा खळाळता. आईंना नदीकाठी असल्यासारखं वाटेल."

"नदीत डास होतील."

"वाहत्या पाण्यात होत नाहीत. आणि मासे आहेत ना."

मासेवाल्याने दिलेले मासे बघून बायकोचा चेहरा पडला. बोटाएवढे, चपटे, चिखलाच्या रंगाचे आठ जीव. रंगीबेरंगी शेपट्या वगैरे काही नाही. "हे तळाचे मासे, साहेब," मासेवाला म्हणाला होता. "दगडाला पोट चिकटवून बसणार. वर येणार नाहीत, नाचणार नाहीत. पण पाण्याला ओढ पाहिजे. ओढ नसली की हे टिकत नाहीत. आणि घाबरू नका बरं का, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात."

घाबरण्यासारखं काय आहे ते जावयाला दुसऱ्या दिवशी कळलं. आठही मासे आठ गोट्यांवर चिकटून, जराही न हलता, सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघत होते. जावयाने बायकोला समजावलं की प्रवाह त्या बाजूने येतो म्हणून मासे तिकडे तोंड करतात, यात काही नाही. "मग प्रवाह फिरव," ती म्हणाली. त्याने अख्खा रविवार खर्च करून मोटार या टोकाची त्या टोकाला लावली. मासे सावकाश वळले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागले. सोमवारी त्याने मोटार परत पहिल्या जागी लावली. निदान खुर्चीला डोळे नव्हते.

सासूबाईंना मात्र टाकी पसंत पडली. त्यांनी लेकीची मोजपट्टी मागून घेतली आणि ती काचेवर बाहेरून चिकटवली. "पट्टीशिवाय नदी म्हणजे नुसतं पाणी," त्या म्हणाल्या. पाणी बरोबर चाळिसाच्या रेघेवर होतं. त्या दिवसापासून त्यांना झोप लागू लागली.

आठवड्याने टाकी खाकरली.

जावयाची रोज साडेतीन ते चार ऑफिसची बैठक असायची, आतल्या खोलीत, दार लावून आणि कानाला हेडफोन लावून. त्या दिवशी बैठक संपवून त्याने हेडफोन काढला, तोच हॉलमधून आवाज आला. दोनदा आखूड, एकदा लांब. त्याचा हात दाराच्या कडीवरच राहिला. सासऱ्यांचं खाकरणं त्याने लग्नाच्या बोलणीत पहिल्यांदा ऐकलं होतं आणि तेव्हाही त्याचा हात चहाच्या कपावर असाच राहिला होता. तो बाहेर आला. सासूबाई टाकीकडे पाठ करून भाजी निवडत होत्या.

"सदतीस," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात, आई?"

"काही नाही, जावईबापू. सवय."

त्याने पट्टी बघितली. पाणी सदतीसवर होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. चार वाजता खाकरणं, सासूबाईंची पाठ, आणि "सदतीस". सकाळी तो पाणी चाळीसपर्यंत भरायचा आणि दुपारी ते सदतीसवर आलेलं असायचं. तीन बोटं पाणी रोज कुठे जात होतं ते कळेना. बायको पाचला घरी यायची, त्यामुळे तिने ते खाकरणं ऐकलेलं नव्हतं आणि तिचा विश्वासही नव्हता. शनिवारी तिला अर्धी शाळा होती. चार वाजता आत आडवी पडल्यापडल्या तिने ते ऐकलं, उठली, हॉलमध्ये येऊन वडिलांच्या खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"बाबांना त्यांच्या खुर्चीवर कपडे टाकलेले आवडायचे नाहीत," ती टॉवेलाची घडी घालत म्हणाली.

त्यात खालच्या मजल्यावरचे घड्याळजी वर आले. घरातच घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्यांचं बोलणं मिनिटावर असायचं.

"साहेब, तुमच्या बाल्कनीतून माझ्या खिडकीवर पाणी पडतं. रोज तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी. काल अठ्ठेचाळीस, परवा सत्तेचाळीस. थेंब एका भिंतीवरच्या घड्याळात गेला. ते आता उलटं चालतंय."

"उलटं?"

"चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तुमच्याकडे काय चालू आहे?"

जावयाने टाकी गळते की काय म्हणून प्लंबर आणला. प्लंबरने टाकीभोवती टिपकागद लावले, जमिनीवर झोपून खालून बॅटरी मारली, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मागे हात घालून भिंत चाचपली. टाकी कोरडी ठणठणीत होती. मग तो उभा राहिला, आठ माशांकडे बघितलं, ते ज्या खुर्चीकडे बघत होते तिच्याकडे बघितलं आणि तिच्यावर ठेवलेली आपली पिशवी उचलून घेतली.

"गळती नाही," तो म्हणाला. "पाणी कुठे जातं ते सापडलं तर मला सांगू नका. पण हा वरचा सांधा बघा. उभ्या पाइपवरचा, अडतीसच्या रेघेजवळचा. नुसता दाबून बसवलाय, चिकटवलेला नाही. पाणी याच्या खाली गेलं की मोटार इथून हवा ओढणार आणि घोगरा आवाज करणार. आराखडा कुणी काढला?"

"आराखडा बरोबर आहे," जावई म्हणाला.

"मग आराखड्यातच मासे सोडायचे होते."

जावयाला एवढा आनंद झाला की हा टोमणा त्याने गोड मानून घेतला. घरात भूत नव्हतं, सैल सांधा होता. त्याच दिवशी त्याने सांधा चिकटवून पक्का केला. महिना संपायला पाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. तो मुद्दाम हॉलमध्ये येऊन उभा राहिला. सासूबाई टाकीकडे पाठ करून बसल्या होत्या, हातात शेंगा. चार वाजून पाच झाले, दहा झाले. नुसतं पाणी खळाळत होतं. सासूबाईंचे ओठ एकदा हलले आणि मिटले. शेंगा तशाच ठेवून त्या आत गेल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी पाणी एकतीसवर होतं. खाली घड्याळजींच्या खिडकीवर धार लागली होती. तिसऱ्या दिवशी पाणी तेवीसवर गेलं, वरचे गोटे उघडे पडले, आणि दोन मासे ओल्या दगडाला चिकटून तसेच खुर्चीकडे बघत राहिले. टाकी तरीही खाकरली नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी पलंगावर बॅग ठेवली आणि लेकीला हाक मारली.

"परवा महिना होतोय. मी निघते."

"का पण? झोप लागत होती ना तुला?"

"लागत होती. आता घर पुन्हा शांत झालंय."

रात्री लेकीने नवऱ्याला एवढंच विचारलं, "तू टाकीला काही केलंस का?" तो अभिमानाने सांगणार होता, पण तिच्या आवाजामुळे त्याने नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून ते त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बैठकीत कॅमेरा बंद केला, हेडफोन टेबलावर ठेवला आणि दार बोटभर उघडलं. पावणेचार वाजता सासूबाई हातात प्लास्टिकचा मग घेऊन आल्या. टाकीत मग बुडवला, बाल्कनीत गेल्या, कुंडीत ओतला. परत आल्या. मध्ये थांबून पट्टीवर वाकून बघत होत्या, कान देत होत्या आणि पुन्हा मग बुडवत होत्या. त्यांची फेरी चालू असताना तो बाहेर येऊन उभा राहिला. त्यांनी मग लपवला नाही.

"झाडांना माशांचं पाणी चांगलं असतं म्हणून पहिल्यांदा घातलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते झालं. अंगावर काटा आला माझ्या. पण तोंडातून आकडा गेला."

"आई, ती मोटार होती. सांध्यातून हवा..."

"मला कळत नाही का, जावईबापू? पाण्याशी जन्म गेला माझा. पाणी अडतिसाच्या खाली गेलं की आवाज येतो, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तिसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम काढते." त्या सासऱ्यांच्या खुर्चीवर टेकल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. "चाळीस वर्षं त्यांचाच आकडा मी परत म्हटला. एकदा सुद्धा आपला आकडा सांगितला नाही. आता मी सांगायचे आणि ते ऐकून घ्यायचे. चांगलं चाललं होतं आमचं."

स्वतःच्या हुशारीची जावयाला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तो आतून करवत घेऊन आला. चिकटवलेला सांधा कापायला त्याला वीस मिनिटं लागली आणि त्यात एक बोट सोलपटलं. नवा सांधा त्याने नुसता दाबून बसवला, मुद्दाम जरा तिरका. पाणी चाळीसपर्यंत भरलं. नंतर स्वतः मगाने मोजून पाणी काढलं, कुंड्यांत ओतलं आणि कुंड्यांखाली परात ठेवली, म्हणजे घड्याळजींचं एखादं घड्याळ तरी सुलटं चालावं. पाच वाजले होते, पण टाकीने वेळेचा प्रश्न काढला नाही. दोनदा आखूड, एकदा लांब.

"सदतीस," सासूबाई म्हणाल्या. दारात नुकतीच आलेली लेक चपला हातात घेऊन उभी होती. त्या संध्याकाळी बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली.

पुढे दोन महिने हे घड्याळाच्या काट्यावर चाललं. मग एक दिवस लेकीने आईला शाळेतला कार्यक्रम बघायला सकाळीच नेलं. जावई घरात एकटा. पाणी काढायला कुणी नव्हतं आणि त्यानेही काढलं नाही. चार वाजता त्याने हेडफोन काढला आणि हॉलमधून आवाज आला.

तो बाहेर गेला. मोटार चालू होती, सांधा पाण्याखाली होता, आठही मासे खुर्चीकडे तोंड करून बसले होते. खुर्ची रिकामी होती. एखादा बुडबुडा अडकला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण उत्तर दिल्याशिवाय तिथून हलायचा धीर होईना. पट्टीकडे धड न बघताच, रोज सकाळी भरायचा तो आकडा म्हणून तो हळूच म्हणाला, "चाळीस."

टाकी पुन्हा खाकरली.

बायको आणि सासूबाई परत येईपर्यंत तो जिन्यात घड्याळजींशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा होता. वर आल्यावर त्याने हसत हसत, कुणी काळजी करू नये अशा बेताने सांगितलं, "आज तुम्ही नसताना सुद्धा आवाज आला, आई. मी म्हटलं चाळीस."

सासूबाई पट्टीपाशी गेल्या, चष्मा वर केला आणि वाकून बघितलं.

"बेचाळीस आहे," त्या म्हणाल्या. "आज दिवसभर मी नाही म्हणून सकाळी बादलीभर पाणी जास्त घालून गेले होते. नीट बघून सांगत जा, जावईबापू. त्यांना दुसऱ्यांदा खाकरायला लावलंत ना?"

दुसऱ्यांदाचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.