बाजेखालचा आग्रह

बारशाच्या पंगतीत कुणी आग्रह केला नाही, म्हणून गुरुपादमामा अर्ध्या ताटावरून उठून पालमला आपल्या घरी गेले. तेव्हापासून शांतम्माच्या पोटात एकच धाक. नवऱ्याचे हे मामा पुन्हा आले आणि नेमकी ती आत लेकरू पाजीत असली, तर?

नवरा शिवरुद्र पूर्णेला रेल्वेच्या सिग्नल खात्यात. (तारेला तार जोडल्याबिगर त्याला घास गोड लागत नसे.)

"भेतीस कशाला? मिशीन बोलंल की!" म्हणाला आणि लग्नात आलेला टेपरेकॉर्डर त्यानं बैठकीतल्या बाजेखाली बांधला. गादीखाली बटण. माणूस बसला की शांतम्माचा आवाज म्हणणार, "या, कधी आलात?" उठला की, "बसा की, जेवूनच जा!" हेच दोन बोल आलटूनपालटून अख्ख्या कॅसेटभर.

आणि एका दुपारी मामा आलेच. शांतम्मा आत, लेकराचा डोळा नुकताच लागलेला. हलली की भोकाड! मामा बाजेवर टेकले.

"या, कधी आलात?"

"ह्ये काय, आत्ताच्या यष्टीनं. शिवरुद्र ड्यूटीवर का?"

बोलायला सून लाजली असंल, म्हणून मामा थोडं थांबून उठले.

"बसा की, जेवूनच जा!"

"नको गं," म्हणत मामा मानाखातर बसले.

"या, कधी आलात?"

"सांगितलं की बाई!" मामा दचकून उठले.

"बसा की, जेवूनच जा!"

"अगं, यष्टी जाईल माझी!" पण एवढा आग्रह मोडवतो कुणाला? बसले.

"या, कधी आलात?"

आत शांतम्माला सगळं ऐकू येत होतं. आता मामा भडकणार, जन्माचे तुटणार!

शिवरुद्र आला तेव्हा यष्टी कधीच गेली होती. उठूनबसून मामांना धाप लागलेली, पण चेहरा फुललेला. "सून असावी तर अशी! इसरती जराशी, पण माया लय. जाऊच देईना!"

इथं गप्प बसायचं की नाही? शिवरुद्रनं ऐटीत गादी उचलून सगळी करामत दाखवली. दाराआड शांतम्मानं लेकरू छातीशी धरून डोळेच मिटले.

मामा बघतच राहिले. "म्हंजी, मला जेव म्हणायलंय ते ह्ये डबडं?"

"व्हय, मामा."

"पालमला आमच्या सुनंच्या तोंडून कदी निघालं न्हाई बग ते!" मामांनी तारा उपटल्या, टेपरेकॉर्डर काखेत मारला. "आमच्या बाजेखाली लावतो." आणि संध्याकाळची यष्टी गाठायला खुशीत निघाले.

शांतम्माचा जीव भांड्यात पडला. नवराबायको दारात उभं राहून हसतहसत हात हलवीत राहिले. मामा कोपऱ्यावरून वळल्यावर शिवरुद्रचा हात तसाच थांबला.

"अगं," तो म्हणाला, "जेवून जा म्हणालीस का त्यांना?"

"मी? मला वाटलं, तुमी म्हणालात!"