एक ते दीडची शांतता

वाघमारे सर पहिल्यांदा आमच्या मुलुंडच्या घरी आले, तेव्हा आईला नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या फ्रिजला हात लावून बघितला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात ना, तसा उलटा हात. मग खिशातून कागदाची पट्टी काढली, फ्रिजच्या दारात अडकवली आणि ओढली. पट्टी सुळकन बाहेर आली.

"रबर गेलंय वहिनी," ते हळहळले. "गारवा चाललाय बाहेर. कुठे जात असेल बिचारा?"

आई पोह्यांची बशी धरून तशीच उभी. ते गेल्यावर म्हणाली, "हाच का गं तुझा साहेब? वाट लागली तुझी!"

माझं क्षेत्र ऊर्जा बचत व्यवस्थापन. नातेवाइकांना आई थोडक्यात सांगते, "ती लाइटीत आहे." इंजिनिअर झाल्यावर ऊर्जा ऑडिटरच्या परीक्षेचा अभ्यास करता करता मी घाटकोपरच्या एका छोट्या कंपनीत लागले. कारखान्यात जायचं, वीज, वाफ, हवा कुठे फुकट जातेय ते शोधायचं, अहवाल लिहायचा. कंपनीच्या मालकीण मॅडमनी बजावलं होतं, "पहिल्या अहवालात तू स्वतः शोधलेलं काहीतरी ठोस दिसू दे, तरच कायम करीन." आणि मला वाघमारे सरांच्या हाताखाली दिलं.

सरांच्या पिशवीत दाढीचा ब्रश आणि साबणाच्या पाण्याची बाटली कायम. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा पाइपांतून गळते. ती दिसत नाही, नुसती सुस्कारे टाकते, आणि मशीनच्या धडधडाटात ते ऐकू येत नाहीत. म्हणून सरांची वेळ ठरलेली, एक ते दीड. जेवणाची सुट्टी. सगळे हात धुवायला निघाले की हे कामाला लागणार.

विक्रोळीला कुकरच्या रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात आमचं काम चाललं होतं. एक वाजला की मशीन एकेक करत गप्प व्हायची. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या तिरप्या रेघा, त्यात धूळ तरंगतेय, आणि सर अर्धे डोळे मिटून पाइपांच्या खालून हळूहळू चालतायत.

"ऐक," म्हणायचे.

मला फक्त माझं पोट ऐकू यायचं. मग कुठूनतरी बारीकसं स्स्स्. सर ब्रशने तिथे साबण लावायचे, फुगे यायचे आणि हे हरखून बघत राहायचे. "बघ, निघाली खाडीकडे. कुठे जात असेल गं?"

खरं सांगते, त्या पेंगुळलेल्या दुपारी मलाही दिसायला लागायचं. सगळ्या उपनगरांतून निसटलेली हवा, वाफ, ऊब तिकडे खाडीकाठच्या तिवरांवर जमलीय, आणि कोणालाच कसली घाई नाही. मग सर खेकसायचे, "झोपलीस काय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला मला घबाड मिळालं. बॉयलरमागे वाफेचा पाइप आठ फूट उघडा! त्याच्यावरचं ऊब धरून ठेवणारं काचलोकरीचं आवरण सुरीने कापल्यासारखं सरळ काढलेलं. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात नुसता पांढराफटक, म्हणजे भलताच तापलेला. मी नाचायचीच बाकी होते.

"सर, झकास सापडलंय!"

सरांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "कोणीतरी मुद्दाम काढलंय. उद्या जेवणाच्या सुट्टीत इथे थांबू, मग लिही."

"सर, माझी नोकरी आहे ती!"

"कळतंय गं. एक दिवस थांब."

मी रात्रभर धुसफुसत होते. दुसऱ्या दिवशी पावणेएकला सरांबरोबर जाऊन बघते तर त्या उघड्या पाइपावर डब्यांची रांग! बॉयलरवाले सावंतमामा एकेक डबा फिरवून ठेवत होते. मटकी, सुकट, लसणाची फोडणी, सगळे वास एकत्र. गेली नोकरी, मनात म्हटलं. मी लिहिलं की पाइप झाकणार, आणि ही माणसं गार जेवणार.

पण तिथेच उभ्या उभ्या सुचलं. या तुकड्याला पट्ट्यांचं जॅकेट शिवायचं. डबे ठेवताना काढायचं, उचलले की बांधायचं. अहवालात तेच लिहिलं आणि मॅडमनी मला कायमही केलं.

ते पुढे. त्या दिवशी मी हे सांगितल्यावर सर म्हणाले, "शाब्बास!" आणि एक वाजला, मशीन गप्प झाली, तरी जागचे हलले नाहीत.

"येवा सायबानू, बसा," सावंतमामांनी भाकरी आणि गरम कालवणाची वाटी पुढे केली.

सर खाली बसले. वाटी दोन्ही तळव्यांत धरून ठेवली.

"तीस वर्षं मी एक ते दीड पाइपांखाली," ते म्हणाले. "डबा उघडायचो तीनला, चारला. गारढोण. आणि ही पहाटे उठून करायची. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत विचारायची, गरम होता का हो?"

"मग काय सांगायचात?"

"गरम होता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. "ती गेली त्याला दोन वर्षं झाली. आता डबाच नेत नाही."

ते खालमानेने जेवायला लागले. मी विचारलं, "सर, गरम आहे ना?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मामांनी त्यांच्यापुढे आणखी एक भाकरी ठेवली.