काडीवरचा किल्ला

प्रयोगशाळेतल्या सॉकेटच्या उजव्या भोकात, प्लगच्या पिनेला लागून, आगपेटीची एक काडी खोचलेली होती. गुल खरवडून काढलेली, अर्ध्यात मोडलेली, एका अंगाने किंचित चेपलेली. ती जागेवर असली की प्लग घट्ट बसे. नसली की स्वतःच्याच वजनाने हळूहळू बाहेर येई. विज्ञानाच्या सत्यशीलाबाईंनी ती सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यासाठी बसवली होती, कारण तीर्थपुरीच्या त्या हायस्कुलात वीज देणारं एवढंच एक सॉकेट शाबूत होतं.

सध्या मात्र त्या काडीच्या आधाराने एक तलवारवाला उभा होता.

दहावीच्या वर्गात एक टीव्ही गेम जप्त झाला, तेव्हा मुख्याध्यापक रामराव गंभीरपणे म्हणाले होते, "यात आक्षेपार्ह काय हाय, ते आधी तपासावं लागंल." शैक्षणिक कार्यक्रमांसाठी मिळालेला टीव्ही प्रयोगशाळेत होताच. त्यावर तपास सुरू झाला आणि महिना होत आला तरी संपेना. कवायतीचे सर धर्मराज तर तपासाला डबा घेऊनच बसू लागले.

खेळ असा होता. तलवारवाला डावीकडून उजवीकडे पळायचा. वाटेत खंदक, खांब, भालेकरी, चवताळलेली कुत्री. प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी एक राक्षस. सहाव्या किल्ल्यात एक घार होती. माणूस खंदकावरून उडी घेतो न घेतो तोच ती छातीवर आदळायची आणि तो मागे फेकला जाऊन थेट तळाला. जीव संपले की पुन्हा पहिला किल्ला. प्लग निघाला तरी पुन्हा पहिला किल्ला. जिंकलेलं राखून ठेवायची सोयच नव्हती.

सत्यशीलाबाईंची तक्रार खेळाबद्दल फारशी नव्हती. एका चुकीसाठी पाच किल्ले पुन्हा चढायला लावणं हा त्यांना निव्वळ खडूसपणा वाटे, पण खेळ प्रामाणिक होता. घार दुसऱ्या खांबाच्या सावलीत पाऊल पडलं की यायची, आणि तेव्हाच यायची. त्याच कृतीला तेच फळ. शाळेचा स्प्रिंगकाटासुद्धा इतका भरवशाचा नव्हता. तक्रार होती ती खेळणाऱ्यांबद्दल.

"व्होल्टेज गेलं सर, न्हाईतर आज मारलीच होती तिला!" खंदकात पडल्यावर धर्मराज म्हणायचे.

"ती उजवीकडूनच येते, सर. रोज," मागच्या बाकावर वह्या तपासत बाई म्हणायच्या.

"बाई, हा तुमचा विषय न्हाई. याला अंगात रग लागती."

रग भरपूर होती. उडी मारताना धर्मराज मान, खांदे, कंबर असं सगळं शरीर उजवीकडे झोकून द्यायचे. त्यातलं पडद्यावरच्या माणसापर्यंत काहीच पोचत नसे.

शाळेतली पर्यवेक्षकाची जागा दिवाळीपासून रिकामी होती. नियमाने ती सत्यशीलाबाईंची. सेवेत त्याच सगळ्यांत ज्येष्ठ. पण धर्मराज संस्थेच्या सचिवांचे साडू. रामरावांना नियमाची भीती वाटे आणि साडूचीही. त्यामुळे ते दोघांनाही एकच उत्तर देत, "बघू." हल्ली त्यात थोडी भर पडली होती. "एवढा सहावा किल्ला सर होऊ द्या बाई, मंग निवांत बसू." दहावीचं प्रात्यक्षिकही त्याच किल्ल्यापाशी अडलं होतं.

त्या सोमवारी धर्मराज पहिल्यांदाच सहाव्या किल्ल्यात बऱ्यापैकी जीव शिल्लक ठेवून पोचले आणि तासाची घंटा झाली. त्यांनी खेळ थांबवला. तलवारवाला एक पाय उचलून हवेत गोठला. रामरावांनी प्रयोगशाळेला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

"इकडं कुणी पाय आपटायचा न्हाई. प्लग ढिला हाय."

"मंग झाडू मारू का न्हाई सर?" शिपाई कडूबाने विचारलं.

"बिलकुल न्हाई."

"कचऱ्याला काय सांगू?"

"सुट्टी हाय म्हण त्याला!"

सत्यशीलाबाईंनी दहावीचा वर्ग लिंबाखाली नेला. दिवा नाही तर नाही. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर ऊन घेऊन त्या कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवू लागल्या. तेवढ्यात वावटळ आली. पापुद्रे उडाले, त्यांवरच्या पातळ काचा उडाल्या आणि निम्मा वर्ग त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावला. फाटकातून नेमकी जीप आत येत होती. जीपमध्ये तपासणीचे गव्हाणे साहेब होते.

"पोरं काय पकडून राह्यली?" साहेबांनी उतरत विचारलं.

"विज्ञान," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"आन् प्रयोगशाळा?"

रामराव धावत आले. "आहे ना साहेब, चांगली सुसज्ज आहे. फक्त किल्ली सापडून न्हाई राह्यली."

"तुमच्या खिशात हाय की सर," कडूबा म्हणाला.

दार उघडलं. केराने भरलेल्या खोलीत टीव्ही चालू होता आणि तलवारवाला एक पाय वर करून उभा होता.

"हे काय हो?"

रामराव पुढे सरसावले. "जडत्व, साहेब. भायेरचं बल लागल्याबिगर वस्तू जागची हलत न्हाई."

रामरावांच्या तोंडून विज्ञानाचं एक बरोबर वाक्य सत्यशीलाबाई आज प्रथमच ऐकत होत्या. उदाहरण म्हणून त्यांनी स्वतःकडेही बोट दाखवलं असतं तर पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते.

"मंग लावा की बल," साहेब स्टूल ओढून बसले.

मागोमाग आलेल्या धर्मराजांनी लावलं. घार आली. खंदक. पुन्हा लावलं. पुन्हा घार.

"अहो, आधी तिला मारा ना! नुसते काय वाकून राह्यले?" साहेब ओरडले. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघू लागले. साहेब जरा ओशाळले. "आमच्या घरी बी हाय हा. माझा बी जीव हितंच जातो. आणा इकडं."

त्यांनी हातातलं घड्याळ काढून कडूबाकडे दिलं, रिमोट घेतला आणि पाय आपटत, दात खात, धर्मराजांइतक्याच शिताफीने खंदकात उडी मारली. आता एकच जीव उरला. रिमोट रामरावांकडे सरकवला गेला, त्यांनी तो धर्मराजांकडे सरकवला. महिनाभर त्यासाठी भांडणाऱ्या माणसांना तो अचानक निखाऱ्यासारखा भाजू लागला.

"बाईंना द्या की," कडूबा म्हणाला. "त्या रोज सांगून राह्यल्या, उजवीकडून येती म्हणून."

सत्यशीलाबाईंनी पुढे येऊन रिमोट घेतला. दुसऱ्या खांबाच्या सावलीत त्यांनी एक पाऊल टाकलं आणि लगेच मागे घेतलं. घार आली. समोर कुणी नव्हतं. बाईंनी शांतपणे तलवार चालवली, घार पडली, मग उडी. मान हलली नाही, खांदाही नाही. पुढचे भालेकरीही ठरल्या जागी आले आणि ठरल्या जागी पडले. राक्षसाचा दरवाजा समोर उभा राहिला.

"आयला!" साहेब म्हणाले.

इतक्यात चित्र थरथरलं. बाईंनी खेळ थांबवून सॉकेटकडे पाहिलं. साहेबांच्या पाय आपटण्याने काडी अर्धी बाहेर आली होती आणि प्लग लोंबू लागला होता. रिमोट टेबलावर ठेवून त्या लगबगीने तिकडे गेल्या आणि काडी नीट बसवण्यासाठी त्यांनी प्लगला हात घातला.

"बाई! हात काढा तिथून!" रामराव किंचाळले.

"सर, मी फक्त..."

"समजलं मला! फक्त काय ते बराबर समजलं! दिवाळीपासून तुम्हाला थांबवलं, मान्य हाय. पण असा सूड नका घेऊ!"

"कशाला थांबवलं?" साहेबांनी विचारलं.

"पर्यवेक्षकाचं नाव, साहेब. जरा बाकी हाय ठरवायचं."

"अजून बाकी? अहो, तेच इचारायला आलो मी! सांगून टाका जल्दी, त्या उपटून राह्यल्या बघा!"

रामरावांनी धर्मराजांकडे पाहिलं. धर्मराज राक्षसाच्या दरवाजाकडे बघत होते. "साडूला मी समजावतो सर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण तो प्लग तेवढा..."

चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय सत्यशीलाबाईंना सहसा राहवत नसे. आताही त्यांनी तोंड उघडलं. मग अंगठ्याने काडी आत दाबली, चित्र स्थिर झालं, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. हात मात्र प्लगवरच राहू दिला.

रामरावांनी घाम पुसला.

"या शाळेच्या पर्यवेक्षक," ते म्हणाले, आणि आवाज पार लिंबाखाली काचा वेचणाऱ्या पोरांपर्यंत गेला, "सत्यशीलाबाई!"